कोपऱ्यावरचा गाळा

३ तारीख, सकाळी सात
आजपासून रोज लिहायचं आणि कुणावर चिडायचं नाही. प्लॉट माझा. त्यावर मुलगा दुकानांची बिल्डिंग बांधतोय, देखरेख माझी. कोपऱ्यावरचा गाळा त्याने मला कबूल केलाय. तिथे पुन्हा टायरचं दुकान टाकणार. पाटीचा रंगही ठरलाय.

सकाळी नऊ
चिडलो. साइटवर पाय ठेवायला जागा नाही. चिखल, चहाचे चोळामोळा झालेले कप, त्यात कुणीतरी थुंकलेलं. शी!

५ तारीख
माती तपासायला मशीन येणार म्हणे. चाळीस वर्षं ज्या जमिनीवर उभा राहिलो ती तपासायची? शाळा सातवीत सुटली, पण मी माती टाचेने ओळखतो. इंजिनिअर बाईंना टाच आपटून दाखवली. म्हणालो, लोखंड आहे, लोखंड. त्या म्हणाल्या, आजोबा, जरा बाजूला व्हा, टेप धरायचीय. आजोबा! मुलाने हसू दाबलं.
बोअर घ्यायला तीन ठिकाणी खुंट्या ठोकून चुन्याची फक्की मारली. एक नेमकी माझ्या कोपऱ्यात.

६ तारीख
जेवण गेलं नाही. त्या कोपऱ्यात पूर्वी खड्डा होता. दुकानातले फाटके टायर दुसरीकडे कुठे टाकणार? वीस वर्षं तिथेच टाकले. शेवटी वर दोन ट्रक मुरूम ओतून, ठोकून ठोकून धुमस केली. अशी धुमस आता कुणी करत नाही. ही म्हणाली, पोराला सांगून टाका, उद्या बिल्डिंग कलंडली तर? बायकांना पाया कळत नाही. सांगणारच आहे. बोअर झाल्यावर.

७ तारीख, सकाळी सहा
साइटवर कुणी नव्हतं. खुंटी जराशी सरकवली. पंधरा पावलं. जुनी फक्की पायाने पुसली, नवी मारली. यात लबाडी नाही. मशीनला बरी जागा दिली, एवढंच.

दुपारी
सहा फुटांवर खडक! म्हणालो, सांगितलं नव्हतं? मुलगा म्हणाला, बाबा, तुमचं खरं निघालं. त्याच्या लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाला असेल.
आता सांगायची गरज राहिली नाही.

१५ तारीख
खोदाई सुरू. जेसीबीवाला सतत काहीतरी चघळतो आणि खणलेल्या खड्ड्यातच पिचकारी मारतो. बिल्डिंगच्या पायात थुंकतो! किळस आली. त्याला म्हणालो, कोपरा राहू दे, तिथली जमीन कडक आहे, मशीनचे दात तुटतील. तो म्हणाला, काका, दात मशीनचे आहेत, तुम्ही आपले सांभाळा. उर्मट.

१६ तारीख
पहिला टायर निघाला. म्हणालो, टाकला असेल कुणीतरी. लोक फार घाण.
जेवणापर्यंत साठच्या वर. काळं पाणी, सडका वास, रबराला बुळबुळीत गाळ. सगळ्यांच्या नाकाला रुमाल. जेसीबीवाला ओरडला, काका, इथे तर अख्खं दुकान पुरलंय! टायरवर पांढऱ्या पेंटने दुकानाचं नाव. अक्षर माझं. अजूनही छान दिसतं.
बाईंनी नकाशा उघडला, टेप लावली, विचारलं, खुंटी कुणी हलवली? म्हणालो, जमीन सरकते कधी कधी. कुणी हसलं नाही.
मुलगा खड्ड्याच्या काठावर आला. मग हळूच म्हणाला, बाबा, त्या गाळ्यात तुम्हीच बसणार होता ना.
मी टायर मोजायला लागलो.

१९ तारीख
नवा नकाशा. कोपऱ्यावर बांधकाम नाही, स्कूटर लावायला मोकळी जागा. गाळे सगळे मागे सरकले आणि एक कमी झाला. तो कुणाचा, हे कुणी बोललं नाही. मुलाकडे दुसरा मागणार होतो. तो समोर आला तेव्हा पाणी प्यायलो.

२१ तारीख, संध्याकाळी
कोपऱ्यातला खड्डा माती ओढून बुजवलाय. धुमस नाही, काही नाही. मजूर गेल्यावर एकटाच जाऊन टाच आपटली. पाय घोट्याच्या वर आत गेला. ओढून काढला तेव्हा चप्पल आतच राहिली. हात घालून चाचपली, तर हाताला गाळ आणि कुणाची तरी थुंकी.
एका चपलेने घरी आलो. हिने दारातच थांबवून पायावर पाणी ओतलं. विचारलं, दुसरी कुठंय?
म्हणालो, चोरली कुणीतरी. लोक फार घाण.