दोन खोल्यांमधला निरोप

१४ मे

पहिलीच बैठक, आणि पहिल्याच दिवशी डोकं फिरलं!

मला ओताकी-सानबरोबरच का बसवतात? कौटुंबिक न्यायालयाचा नियम ठाऊक आहे – प्रत्येक प्रकरणात मध्यस्थ दोन, एक पुरुष आणि एक बाई. पण गावात दुसरा पुरुष नाही का? बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ अजून काउंटरवर बसल्यासारखेच बोलतात. आम्ही मधल्या खोलीत. मुलीची पोटगी मागणारी ती बोळाच्या एका टोकाच्या खोलीत, तिचा घटस्फोटित नवरा दुसऱ्या टोकाला. अर्धा तास तिला आत घ्यायचं, मग तिला परत बसवून अर्धा तास त्याला. समोरासमोर येऊ द्यायचं नाही. म्हणजे त्याचं बोलणं तिला आणि तिचं त्याला पोचवायचं काम आमचं. आणि ओताकी-सान ते करतात साखर पेरत पेरत.

माकिगुची – सोया सॉसवाल्या माकिगुचींचा एकुलता एक – खुर्चीत रेलून म्हणाला, "घटस्फोट झाला, विषय संपला. पोरगी तिनंच नेली ना? मग तिनंच पोसावी." ओताकी-साननी तिला, मिझुहोला, काय सांगावं? "सध्या तेही जरा अडचणीत आहेत. पण मनात माया आहे हो!"

माया! कुठे दिसली यांना?

मिझुहो सेगावा साध्या अंगलोटाची, हळू बोलणारी. माशाच्या वड्यांच्या कारखान्यात कामाला आहे, हातांना वास येतो म्हणून सारा वेळ हात टेबलाखाली. मुलगी चिनात्सु दुसरीत आहे, दम्याची. घटस्फोट सासऱ्यांनी करवला, "ते स्वतः काही बोललेच नाहीत," म्हणाली. जाताना दारात थांबली. "बाई, त्यांनी चिनात्सुबद्दल काही विचारलं का?"

"हो, विचारलं ना," मी म्हटलं. (कसला विचारतोय! घड्याळ बघत होता.) बिचारीचा चेहरा जरा सैल झाला. तिला आधी बाहेर पाठवलं, ती रस्त्याला लागेपर्यंत त्याला बसवून ठेवलं, तर हा मलाच म्हणतो, "माझा वेळ फुकट आहे का?"

१५ मे

भात करपला. हे म्हणाले, "न्यायालय तिथेच ठेवून घरी येत जा." करपलेलाच वाढला.

२५ जून

पगाराचा दाखला आणला त्यानं. बापाच्या कारखान्यात बापानंच मुलाचा पगार निम्मा केलाय – कधी? घटस्फोटाच्या पुढच्याच महिन्यात! धंदा बसला म्हणे. आणि आवारात उभी होती ती नवी कोरी गाडी कुणाची? शेजाऱ्याची?

मी विचारलंच. तर हसला. "कंपनीची आहे, बाई. माझं काय आहे? अंगावरचे कपडे." तळपायाची आग मस्तकात गेली! ओताकी-साननी मान डोलावली, जणू फार मोठं सत्य ऐकलं.

पण आज खरा राग आला तो मिझुहोचा. दोघांची मिळकत मांडली की पोटगी किती बसते ते दाखवणारा तक्ता तिच्यापुढे ठेवला. खोटा दाखला धरूनही बरा आकडा निघत होता. त्यावर ही काय म्हणते? "इतकं नको. त्यांना जमेल तेवढं द्यावं. उगाच वडिलांपुढे त्यांची मान खाली नको."

अगं, मुलीला रात्ररात्र बसवून ठेवतेस, औषधाच्या रांगेत उभी राहतेस, आणि मान कुणाची जपतेस?

१३ ऑगस्ट

ओबोनची खरेदी. पितरांसाठी फुलं घ्यायला गेले तर दुकानात मिझुहो आणि पोर. आम्ही मध्यस्थांनी बाहेर ओळख दाखवायची नाही. मी काकड्यांवर वाकले. त्या मायलेकी सॉसच्या फळीपाशी. स्वस्तातल्या बाटल्या समोर असताना मिझुहोनं वरून माकिगुचींची काढली! पोर म्हणाली, "बाबांची बाटली!" आणि छातीशी धरून चालायला लागली.

अशा लाचारीला काय म्हणावं? ज्यांनी घराबाहेर काढलं त्यांच्याच घरचा सॉस, तोही महागाचा! घरी येऊन यांच्यावर ओरडले. ह्यांचा काही संबंध नव्हता.

१७ सप्टेंबर

तिनं आकडा पुन्हा खाली आणला. तो अजून खाली. भाजीवालीशी करावी तशी घासाघीस, आणि ती स्वतःच्याच विरुद्ध!

बैठक संपल्यावर बोळातच ओताकी-सानना गाठलं. म्हटलं, तुम्ही तिला खरं काय ते सांगत का नाही? तो माणूस आज म्हणाला की प्राथमिक शाळा संपली की एक छदाम देणार नाही. तुम्ही सांगितलंत, "पुढचं पुढे बघू म्हणतात." हे भाषांतर कुठल्या भाषेतून?

रागावले नाहीत. कधीच रागावत नाहीत, तोच तर ताप आहे! म्हणाले, "आपण पूल आहोत, बाई. पुलावरून चिखल नेला तर दोन्ही काठ घाण होतात. शब्द लागले की माणूस उठून जातो. उठून गेला की लेकराच्या हातात काय राहतं?"

"आणि खोट्यावर काय राहतं?" मी म्हटलं. तीस वर्षं बालवाडीत मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं मी. ओताकी-साननी छत्री उघडली आणि पावसात मला अर्धी दिली. तीही नाकारून भिजत आले.

५ नोव्हेंबर

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

मिझुहोनं चिनात्सुनं काढलेलं चित्र आणलं होतं – कारखान्याची मोठी लाकडी पिंपं आणि त्यांच्या शेजारी एक उंच माणूस. "त्यांना द्याल का?" मी दिलं. त्यानं पाहिलंसुद्धा नाही. पालथं घातलं. म्हणाला, "वसंतात माझं लग्न आहे. होणाऱ्या बायकोला मूल व्हायचंय. मला आता एकच मूल, जे येतंय ते. ती पोरगी नव्हतीच असं समजा. हवं तर मिझुहोला तसंच सांगा."

ओताकी-सान घसा साफ करून म्हणाले, "म्हणजे नव्या जबाबदाऱ्यांमुळे –"

"जबाबदाऱ्या कसल्या? बोललो तेच."

मिझुहो आत आली. ओताकी-साननी नेहमीच्या सुरात सुरुवात केली, "त्यांच्याही आयुष्यात आता काही बदल –" आणि मला सहन झालं नाही. मध्येच तोडून मी सांगितलं. एकही शब्द न गाळता. लग्न, मूल, नव्हतीच असं समजा. चित्र तिच्यापुढे ठेवलं.

तिनं पहिल्यांदा हात टेबलावर आणले. "हे त्यांचेच शब्द?"

"जसेच्या तसे."

चित्राची घडी घातली. पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "अर्ज मागे घेते." ओताकी-सान उभे राहिले, बसा म्हणाले, पाणी प्या म्हणाले, निदान एक महिना विचार करा म्हणाले. ती खोल खोल वाकली आणि गेली.

पोटगी धरली जाते अर्ज आला त्या महिन्यापासून. अर्जच गेला म्हणजे मेपासूनचं सगळं बुडालं. चिनात्सुच्या हातात शून्य!

त्याला कळवलं तर म्हणतो, "सुटलो! आता तरी आधी जाऊ का?" मला त्याच्या कानाखाली वाजवायची होती. मी म्हटलं, बसा. उगाच बसवून ठेवला. काळोख पडेपर्यंत बसवणार होते, पण लिपिक येऊन बघायला लागला.

ओताकी-सान फक्त एवढंच म्हणाले, "गेली ना उठून?"

६ नोव्हेंबर

मी खरं बोलले. खरं बोलल्याची शिक्षा त्या पोरीला का?

१८ डिसेंबर

बर्फ. ओताकी-सान दुसऱ्या प्रकरणात. बोळात दिसले, वाकले, मीही वाकले. हे विचारतात, "आता कुणावर रागावतेस?" यादीच द्यायची होती! माकिगुची, त्याचा बाप, ओताकी-सान, तो तक्ता करणारे, तो न पाळला तरी ज्यांना झोप लागते ते सगळे. फळीवरची माकिगुचींची बाटली मोरीत ओतली. ह्यांना सूपमध्ये सॉस लागतोच, कुरकुरत मीठ घेतलं.

१२ फेब्रुवारी

आली! मिझुहो सेगावा परत आली! नवा अर्ज केलाय. तक्त्यातला पूर्ण आकडा, एक येनही कमी नाही. वर लिहिलंय – बापानं मुलाचा पगार कापला हे खोटं आहे, कारखान्याच्या वह्या तपासा, आणि तडजोड झाली नाही तर न्यायाधीशांनी निकाल द्यावा. शिवाय मध्यस्थ तेच हवेत म्हणे.

लिपिकानं सांगितलं तेव्हा मी जवळजवळ टाळी वाजवली. ओताकी-सान तिथेच होते. मी ऐकवलंच: "पाहिलंत? शब्द लागला म्हणून उठली, आणि लागला म्हणूनच परत आली. साखरेनं कुणी ताठ उभं राहत नाही." ते म्हणाले, "तुमचं खरं ठरलं, बाई. आनंद आहे." मनापासून म्हणाले, हे कबूल करायला हवं.

आज भात छान झाला.

४ मार्च

मिझुहोला मी मुद्दामच विचारलं, ओताकी-सानच्या समोर – गेल्या वर्षी सारखी कमी कमी का मागत होतीस? म्हणाली, "ते परत येतील असं वाटायचं. जास्त मागितलं तर दार बंद होईल, म्हणून." मी ओताकी-सानकडे पाहिलं – घ्या, ही तुमची साखर! तेवढ्यात ती म्हणाली, "साहेबांचं बोलणं मी कधी धरलंच नाही. एवढं गोड सगळेच बोलतात. पण तुम्ही कधी गोड बोलत नाही, बाई. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, त्यांनी चिनात्सुबद्दल विचारलं. त्यावर विसंबून राहिले मी. पोरीलाही सांगितलं होतं. ती अजून म्हणते, बाबांनी एकदा विचारलं होतं ना."