कवितांच्या कपाटापाशी रेंज येते

तीर्थरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरला असल्यामुळे सध्या सात अंगांवर भागवून घ्यावं.) तुमचा खोकला कसा आहे? मामींची पाठ काय म्हणते? पत्र आधी मामींच्याच हाती पडणार हे ठाऊक असल्यामुळे त्यांनाही नमस्कार, आणि मामी, हे त्यांना जेवण झाल्यावर द्या. आधी दिलंत तर पान तसंच राहील. इकडे सगळं ठीक. ह्यांचं डोकं शांत आहे, लेक अभ्यास करते असं ती स्वतःच सांगते. पत्र टाइप केलेलं बघून रागावू नका. माझं अक्षर लागत नाही ही तुमचीच तक्रार, म्हणून वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर लिहून वाचनालयाच्याच प्रिंटरवर काढते आहे.

तुमचं पत्र पोचलं. कवितांचं कपाट हलवून तिथे लोकांसाठी कॉम्प्युटर मांडायचं घाटतंय, हे मी तुम्हाला कळवायलाच नको होतं. 'माझा संग्रह खुशाल रद्दीत घाल, पलंगाखालचे गठ्ठेही मी रद्दीवाल्याला देणार आहे, ह्यापुढे एक ओळ लिहिणार नाही' हे वाचलं. एवढ्या संतापातही शुद्धलेखनाची एक चूक नाही, त्यावरून हे मनापासून लिहिलंय हे कळलं. म्हणून काय काय झालं ते सविस्तर सांगते. तेवढ्यात रद्दीवाला आलाच तर त्याला चहा द्या, गठ्ठे देऊ नका.

मामा, वाचनालयात आता लोक काय मागतात, ऐकाल तर थक्क व्हाल. पूर्वी माणूस यायचा आणि म्हणायचा, काहीतरी चांगलं द्या. आता आल्या आल्या विचारतो, पॉइंट कुठे आहे? (म्हणजे चार्जिंगचा. मी पहिल्यांदा गोंधळून निबंधांचं कपाट दाखवलं होतं.) एक गृहस्थ बालविभागात बसून वाचनालयाच्या वायफायवर नोकरीची मुलाखत देऊन गेले. वर कोट, खाली घरातली अर्धी चड्डी, पाठीमागे भिंतीवर रंगवलेला हत्ती. नोकरी मिळाली, समुद्रापलीकडची, आणि पेढे द्यायला मात्र पूर्ण पँट घालून आले. एक बाई फोनवर बघून पाण्याचा पंप दुरुस्त करायला शिकल्या, आणि फोनमधलं चित्र बारीक दिसतं म्हणून त्याच पंपाचं पुस्तक मागायला आल्या. आमच्याकडे ते निघालं! मी स्वतःच चकित झाले. सुरुवातीला ह्या सगळ्याला मी नाकं मुरडत होते. आता कामं सोडून बघत बसते. माणसांना एवढं काय काय हवं असतं आणि ती ते कुठून कुठून मिळवतात, हे इतकी वर्षं टेबलामागे बसून मला दिसलंच नव्हतं.

आता मुद्द्यावर येते. (मामी, हसू नका, येतेच आहे.) आमच्या इमारतीच्या भिंती एवढ्या जाड की आत फोनला रेंज म्हणून येत नाही. येते ती एकाच कोपऱ्यात, खिडकीशेजारी, कवितांच्या कपाटापाशी. त्यामुळे ज्याला ज्याला ओटीपी हवा असतो तो तिथे जाऊन उभा राहतो. ओटीपी म्हणजे फोनवर येणारा आकडा, त्याला वायफाय चालत नाही, रेंजच लागते, आणि तो वेळेत भरला नाही तर बाद होतो. तो येईपर्यंत हात रिकामे, डोळ्यांसमोर कविता. माणूस एक पुस्तक काढतो. अर्धी कविता वाचून होते, तोवर आकडा येतो. काहीजण पुस्तक ठेवून जातात, काहीजण उरलेली अर्धी घरी घेऊन जातात. मामा, ज्या पुस्तकांना मी वर्षानुवर्षं फक्त फडकं लावलं, ती आता परत यायची वाट बघावी लागते. मी हे मोठ्या तोऱ्यात अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्ष म्हणजे आमच्या मंडळाचे, सारखे टेप घेऊन फिरतात म्हणून मी त्यांना मनात मापारी म्हणते. ते म्हणाले, लोक कविता घेत नाहीत, रेंज घेतात. रेंज तिथे आहे तर कॉम्प्युटरही तिथेच बसणार, कपाट माळ्यावर. आणि माळ्यावर गेलेलं काही खाली आल्याचं माझ्या तरी आठवणीत नाही.

मंगळवारी मापारी टेप घेऊन आले. कपाटापाशी नेहमीची ओटीपीची मंडळी ताटकळत होती, आणि त्यांच्यात होत्या सिस्टर. ह्या निवृत्त परिचारिका, उभा जन्म इस्पितळात गेला, म्हणून सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. घरी एकट्या. डोळे गेल्यातच जमा आहेत, त्यामुळे वाचनालय सुटलं होतं. आता त्यांच्या पुतणीने फोनमध्ये असं काहीतरी घालून दिलंय की फोन पानावर धरला की तो पान मोठ्याने वाचून दाखवतो. नुसता छापील मजकूर, कुठलंही पान! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. मी म्हटलं, सिस्टर, मला सांगायचं होतंत, मी वाचून दाखवलं असतं. त्या म्हणाल्या, "तू दाखवलं असतंस गं, पण मला तुझी सवड बघावी लागली असती. ह्याची बघावी लागत नाही." मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला फार म्हणजे फार बरं वाटलं.

तर सिस्टरांनी हाताला लागेल ते पुस्तक काढलं. ते तुमचं होतं. (तुम्ही बुटक्या पुस्तकाचा हट्ट धरलात, म्हणून ते कडेला असतं.) कानातली वायर नीट बसली नव्हती आणि फोनने स्टेशनवरच्या घोषणेच्या आवाजात, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं सुरू केलं. दुपारभर कडी वाजत होती हातातलं काम टाकून उठलो पानांवर लिहू नये दार उघडलं बाहेर कोणी नवं होतं बेचाळीस.

'पानांवर लिहू नये' हा आमचा शिक्का. बेचाळीस हा पृष्ठांक. आणि हो मामा, मला माहीत आहे, तुम्ही आता खुर्चीतून उठला असाल. तुम्ही लिहिलंय 'बाहेर कोणी नव्हतं'. पण छापखान्यात 'व्ह'च्या डोक्यावर शाईचा ठिपका पडलाय, फोनने तो अनुस्वार धरला आणि पुढचं आपल्या अकलेने जुळवलं.

पण खरं सांगू? दालन गप्प झालं. आम्ही भिंतीवर 'शांतता राखा' लिहून जे जमलं नाही ते झालं. ओटीपी येत होते, फोन थरथरत होते, कोणी बघेना. स्वतः मापारी वीजबिल भरत होते, त्यांचा आकडा आला आणि बाद झाला, आणि ते टेप अर्धी ओढलेली तशीच धरून उभे. मग सिस्टरांनी विचारलं, "कोण आलं होतं?" पान उलटलं, तर पुढची कविता छत्रीवरची. त्या चिडल्याच. हा काय प्रकार, म्हणाल्या, दारात माणूस उभं करून हा गेला कुठे?

मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं, आणि सिस्टरांचा चेहरा बघून मिटलं. मापाऱ्यांनी टेप गुंडाळली, कॉम्प्युटरची वायर पलीकडे ओढता येईल का बघू म्हणाले, आणि जाताना हळूच विचारलं, पुढचा भाग आहे का तुमच्याकडे?

बाकी सर्व क्षेम. खोकल्यावर गरम पाणी घ्या. मामींना कपडे वाळत घालू देऊ नका, वाकावं लागतं.

तुमची भाची

ता. क. पुढचा भाग आहे का ह्यावर मी "आहे" म्हणून बसले. कवी माझे मामा आहेत, त्यांचं लिहिणं चालूच आहे, असंही म्हणाले. सगळ्यांसमोर. तेव्हा कृपा करून काहीतरी लिहा. दहा ओळी चालतील. नाहीतर माझी धडगत नाही आणि कपाटाचीही.

ता. क. दुसरा. दारात 'कोणी नव्हतं' हे सिस्टरांना मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुम्हीही कधी आलात तर तोंडाला कुलूप लावा.

ता. क. तिसरा. हे हाताने लिहिते आहे, अक्षर लावून घ्या. पत्र छापून प्रिंटरवर ठेवलं आणि मी पाकीट शोधायला गेले. परत येते तो स्टेशनचा आवाज सगळ्या दालनाला सांगतोय की माझा गुडघा धरलाय. सिस्टरांना वाटलं वाचनालयाचं काही सूचनापत्र आहे, म्हणून फोन धरला होता. मी धावले (सात अंगांनी), पण त्यांनी हाताने थांबवलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. मापारी गुंतलेली टेप सोडवत बाजूलाच उभे होते, तेही आता स्वतःचं टोपणनाव जाणतात. ऐकून झाल्यावर सिस्टरांनी कागदांची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, म्हणजे कोणी नव्हतं. मी म्हटलं, नव्हतं सिस्टर, माझं चुकलं, आधीच सांगायला हवं होतं. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि म्हणाल्या, "मामांना कळव, एकदाच बघून पेन खाली ठेवायचं नसतं. म्हणावं, परत दार उघडा."