सूर धरणाऱ्याचा श्वास

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. इथल्या रीतीप्रमाणे मी तुम्हाला नावाने हाक मारायचे आणि प्रत्येक वेळी जीभ अडखळायची, कारण मनात तुम्ही पहिल्या दिवसापासून बाईच होतात. मी इथे नेदरलँड्समध्ये, डेल्फ्टला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते आणि तुम्हाला तुमची जुनी यंत्रं दुरुस्त करायला कुणीतरी हवं होतं, एवढाच आपला संबंध. संगीतातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तुमच्या स्वयंपाकघरात मात्र मी रमायचे. ओट्यावर कुठल्याशा प्रयोगशाळेने भंगारात काढलेली, विजेवर सूर काढणारी यंत्रं आणि भिंतीवर तुमच्या कार्यक्रमावरच्या टीकेचं वर्तमानपत्रातलं ते कात्रण, 'यापेक्षा घरचा फ्रिज ऐकावा' असं लिहिलेलं. तुम्ही ते कौतुकाने लावलं होतंत! चाळीस वर्षं तुम्ही यंत्रांतून एकेक लांबलचक सूर काढून ऐकवलात, कधी रिकाम्या चर्चमध्ये, कधी बंद पडलेल्या कारखान्यात. समोर अकराच माणसं असली तरी तयारी तीच, आणि त्यातली चार उठून गेली तरी कपाळाला आठी नाही. असा हट्ट मी पुन्हा कुणात पाहिला नाही.

तो कुठून आला ते तुम्हीच सांगितलंत. तुमचं घराणं आर्मेनियन, दोन पिढ्यांपूर्वी देशोधडीला लागलेलं. वडील इथे घड्याळं दुरुस्त करायचे आणि आपल्या लोकांच्या लग्नांत जर्दाळूच्या लाकडाचं, सनईच्या जातीचं एक वाद्य वाजवायचे. वाजवायचे म्हणजे नुसता सूर धरायचे. गाणं दुसरा वाजवी. हे शेजारी बसून, गाल फुगवून, नाकाने श्वास घेत एकच सूर न तोडता देत राहत. "सगळे त्या दुसऱ्याकडे बघायचे," तुम्ही म्हणालात, "मी बाबांकडे बघायचे. माझं आयुष्यभराचं काम एवढंच आहे."

त्या सुराची एकुलती एक टेप तुम्ही संगणकावर उतरवायला माझ्या हाती दिलीत. तो सूर ऐकवायचा तुमचा कार्यक्रम दहा दिवसांवर होता. टेप इतकी जुनी की वाजता वाजता तिचा थर सुटून गेला, ती पुन्हा वाजण्यासारखी राहिली नाही. आवाज मात्र छान उतरला. फक्त दर काही सेकंदांनी एक फुसफुस येत होती. मी दोन दिवस बसून ती एकेक करून काढली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी मी. तुम्ही हेडफोन लावता, डोळे मिटता, आणि लगेच उघडता.

"बाबा श्वास कुठे घेतायत?"

"तो नॉइज होता," मी ऐटीत म्हणते, "क्लीन केला."

"वाद्य ठेवलंस आणि माणूस काढून टाकलास."

मग तुम्ही मूळ फाइल मागितलीत. मी म्हटलं, चुकून तिच्यावरच सेव्ह झालं. तुम्ही हेडफोन काढून ओट्यावर ठेवलात.

कार्यक्रमात तुम्ही तोच स्वच्छ केलेला सूर लावलात, माइक नाकाशी धरून उभ्या राहिलात, आणि वडील जिथे जिथे श्वास घेत तिथे तिथे स्वतः घेतलात. सत्तरीच्या वयात, चाळीस मिनिटं, एकही जागा न चुकता. लहानपणी बघून बघून तुम्हाला त्या पाठच होत्या. मला रडू आवरेना. संगीत म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि तुम्ही किती मोठ्या आहात तेही. नंतर तुम्ही माझ्या चुकीचा विषयसुद्धा कधी काढला नाहीत.

गेल्या रविवारी तो कार्यक्रम रेडिओवर लागला. आता मी आइंडहोवनला असते, चिपमधला नॉइज कमी करण्याचा पगार घेते. माझ्या मुलीला मराठी समजतं, पण बोलते डचमध्येच. तिने विचारलं, "आई, हे कोण श्वास घेतंय?"

"माझ्या बाई. त्यांच्या वडिलांच्या जागी."

"मग वडिलांचा श्वास?"

"चुकून पुसला गेला," मी म्हटलं. तुम्हाला सांगितलं होतं तेच तिलाही. तेव्हापासून चैन नाही, म्हणून लिहायला बसले. टाकायला पत्ता नाही, हे ठाऊक असूनही.

चुकून नव्हतं, बाई. मूळ आवाज ठेवायचा का, असं संगणकाने विचारलं होतं. म्हाताऱ्याची फुसफुस कुणाला हवीय, असा मी नीट विचार केला, आणि 'नको' दाबलं.