काडेपेटीतलं वॉशर

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे उंबराचं फूल, म्हणून मीच भुणभुण सुरू करते. माझी बदली खाडीपलीकडच्या दवाखान्यात झाली आहे. रस्त्याने तीन तास, पाण्याने पंचवीस मिनिटं. तेव्हा बाबांची होडी मी बाहेर काढणार. होडी धड आहे, पण मोटार गळते.

अकरा वर्षं ती मोटार होडीवरून उतरवून शेडमध्ये लाकडी घोडीवर टांगलेली आहे आणि खाली तेलाचा डाग. थंडीत सुकतो, ऊन तापलं की पुन्हा ओला. मी पुसला तर आईला आवडत नाही. म्हणते, असू दे, तेवढीच त्यांची ये-जा. ऊन कललं की तिला अजून मोटार ऐकू येते. धक्क्याजवळ येते आणि बंद पडते. मी हसण्यावारी नेत होते. परवा मीसुद्धा हातातलं भांडं खाली ठेवून धक्क्याकडे बघितलं.

खालचा गिअरबॉक्स कसा उघडायचा ते तूच सांग. बाबा गेले त्या दिवशी सकाळी तू तेल बदललंस, त्यानंतर घरात कुणी त्याला हात लावलेला नाही. आणि 'काम फार आहे' हे वाक्य नको, ते मला पाठ झालं आहे.

लोभ आहेच, तो मोटारीसारखा गळू देऊ नकोस.

तुझी,
भुणभुण

१२ फेब्रुवारी

चि. भुणभुणीस,
अ. उ. आ.

ती मोटार भंगारात दे. नवी मी पाठवतो. उघडू नकोस.

तू ऐकणार नाहीस, म्हणून सांगूनच टाकतो. त्या सकाळी मी तेल भरलं, खालचा स्क्रू आवळला आणि मुलाखतीसाठी धावत गाडी पकडली. गाडीत खिशात हात घातला, तर त्या स्क्रूचं वॉशर. नखाएवढं. वाटलं, एका फेरीने काय होतंय, परतल्यावर लावू. बाबा त्याच दुपारी निघाले.

वॉशर नाही म्हणजे तेल बाहेर आणि पाणी आत. गिअर खाडीच्या मधोमध अडकला आणि ओहोटीने होडी बाहेर समुद्रात ओढली. होडी दुसऱ्या दिवशी मिळाली, बाबा तिसऱ्या. मी तोंड उघडलं नाही. घरी येत नाही त्याला काम हे कारण नाही.

वॉशर काडेपेटीत ठेवलं आहे. तीन खोल्या बदलल्या, तरी थेंब पडल्याचा आवाज येतो, नळ नसलेल्या खोलीतसुद्धा. आईला हे कळलं तर ती मला दारात उभं करणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.

दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू उघडू नकोस म्हणालास, म्हणून आधी मोटारच उघडली. खालचा स्क्रू सोडला. पहिलं पाणी आलं, वाटीभर, गढूळ. मग दूध जास्त झालेल्या चहासारखं तेल. दादा, ते त्या दिवसाचं पाणी होतं. हात धुवायचा मला धीर होईना.

मग स्क्रू बघितला. त्याला वॉशर आहे. चामड्याचं, चाकूने कापलेलं. स्क्रू तसाच परत लावून सायकलच्या पंपाने गिअरबॉक्समध्ये हवा भरली आणि तो धुण्याच्या टबात बुडवला. स्क्रूपाशी एक बुडबुडा नाही, सगळे पंख्याच्या मागून. पंखा काढला, तर शाफ्टभोवती कुणाच्या तरी तुटक्या जाळ्याचा नायलॉनचा तंगूस घट्ट गुंडाळलेला आणि त्याने तिथलं रबरी सील चिरलेलं. पाणी तिथून शिरलं. तुझ्या स्क्रूतून थेंबही नाही.

बाबा होडीत अनवाणीच चढायचे. त्यांच्या चपला आई अजून दारात ठेवते, रोज पुसते. डाव्या टाचेला गोल भोक आहे, त्याबद्दल अकरा वर्षं ती उंदराला शिव्या घालते आहे. स्क्रूचं ते चामडं काढून नेलं आणि भोकात ठेवलं. जवळजवळ बरोबर बसलं.

मग तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ टाच चाचपत राहिली आणि म्हणाली की म्हणजे उंदीर नव्हता तर. नंतर, एवढ्यासाठी पोरगं घराबाहेर राहिलं म्हणून खूप रडली.

चामडं आता चपलेतच राहणार. तेव्हा स्क्रूला वॉशर हवं आणि ते तुझ्याकडे आहे.

लोभाचं तू स्वतः येऊन बघ.

तुझी,
भुणभुण

२७ फेब्रुवारी

चि. भुणभुणीस अ. उ. आ., आणि ती. आईस शि. सा. न.

सील तू बसवू नकोस. दोन असतात, पाठीला पाठ लावून. एक तेल आत धरतं, दुसरं पाणी बाहेर. तू दोन्ही एकाच तोंडाने बसवशील. मी येतो.

पत्र वाचल्यापासून थेंब ऐकू येत नाही. इतकी सवय झाली होती की उलट झोप लागेना. पडल्या पडल्या एकच गोष्ट कळत नव्हती. बरणीचं झाकण उघडं राहिलं तरी बाबा घर डोक्यावर घ्यायचे. वॉशर नसलेला स्क्रू बघून ते आईजवळसुद्धा अवाक्षर बोलले नाहीत, ते कसे? मग लक्षात आलं, मी गाडीत होतो. आल्यावर माझा समाचार घ्यायचा, असं ठरवूनच ते होडीत चढले असणार.

शनिवारी पोचतो. चपला दारातून हलवू नका. आधी त्यांच्यापुढे उभा राहून माझ्या वाट्याची बोलणी खातो, मग आत येतो.

बाकी लोभ समक्षच.

तुमचा,
दादा