शुक्रवारी चालू राहिलेले माग

भिवंडी,
ता. १८ फेब्रुवारी १९७४

तीर्थस्वरूप यादवदाजी यांना पंढरीनाथचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आक्कालाही सांगावा. आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे उभे आहोत. तुमचा खोकला आणि आक्काचे गुडघे कसे आहेत ते कळवावे. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात बसून गुडघे सुटले असं आमच्या कारखान्यातला मालेगावचा माणूस सांगतो, आणि आक्का कुंडापासून हाकेच्या अंतरावर राहून मलम चोळत बसते. तिला माझ्या वतीने रागवावे. (माझं ती कधी ऐकत नाही. तुमचं ऐकते असंही नाही, पण रागवावे.)

पत्रास कारण आमच्या मंदाचं लग्न. तुम्ही एवढी खटपट करून चांगदेवरावांचं स्थळ आणलंत. मुलगा रघू ग्रामपंचायतीत कारकून, घरची भाताची जमीन, माणसं सरळ. आठ तारखेला शुक्रवारी तिघं येऊन मुलगी बघून गेली. दोन दिवसांत निरोप देतो म्हणाले, त्याला आज दहा दिवस झाले. निरोप येईल असं मला वाटत नाही आणि त्यात दोष माझा आहे. तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे जाऊन चार शब्द बोलावेत. आधीची दोन स्थळं आमच्या घराचा आवाज ऐकून चहा न घेताच उठली होती. हे तिसरंही गेलं तर मंदाचं कसं व्हायचं, या विचाराने मला जेवण जात नाही.

आवाजाचं तुम्हाला माहीतच आहे. आबा जिथे भात लावायचे तिथे आता इंडस्ट्रियल इस्टेटचे गाळे आहेत, आणि चौदा नंबरच्या गाळ्यात मी जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. त्या गाळ्याला आमच्या घराची भिंत लागून. पलीकडे चोवीस माग, अलीकडे कौसल्येची फळी, आणि फळीवरची भांडी दिवसभर आपसात बोलत असतात. पण या गाळ्यांवर सगळं शहर चालतं हो. वीज गेली की माग बसतात, माग बसले की हमाल बसतो, टेंपोवाला बसतो, धामणकर नाक्यावरचा चहावाला स्टोव्ह बारीक करतो. तुमच्या अंगावरच्या सदऱ्याचं कापडही बहुधा इथलंच असेल. देशाला कपडे घालण्याच्या भानगडीत आमच्या घरात कुणाला एक वाक्य नीट बोलता येत नाही, आणि याबद्दल कुणी आभार मानल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

म्हणून तर मी शुक्रवार ठरवला. शुक्रवारी माग बंद, सगळी भिवंडी गप्प. पण त्या आठवड्यात वीजकपातीने बुधवार बुडाला आणि आमचे शेठ म्हणाले, "पंढरी, बुधवार को लाइट नहीं थी, तो शुक्रवार को चलेगा." मी हात जोडले, तर त्यांनी मला दुपारची सुट्टी दिली आणि माग चालू ठेवले. पाहुणे येऊन बसले. चांगदेवराव पहिल्या पाच मिनिटांत माझ्या कानाशी येऊन ओरडले, "इथं मानसं र्‍हातात कशी?" मी हसलो. मुलाने मंदाला काही विचारलं, तिने काही उत्तर दिलं, दोघांनी मान डोलावली. काय ठरलं ते देव जाणे.

आता चूक सांगतो. मागावर काम करणारी माणसं आवाजाच्या वर आवाज काढत नाहीत, छाती फुटेल. आम्ही नुसते ओठ हलवून बोलतो, वरून हाताच्या खुणा, आणि समोरचा ओठ वाचतो. सवयीने घरातही तेच. परगावच्या माणसाला वाटतं, हे तोंडातली सुपारी चघळताहेत. तर कौसल्येने चुलीशी उभी राहून ओठांनी विचारलं, कसे वाटतात? मी पाहुण्यांसमोर बसून, खुशाल, ओठांनी सांगितलं की मुलगा बरा आहे, बाप भोळा आहे, आई मात्र चौथा लाडू खातेय आणि सासू म्हणून जड जाणार. ती म्हणाली, दुसऱ्या चहात दूध घालू का? मी म्हणालो, पाणी घाल, होकार आला तर दूध घालू.

निघताना मुलाची आई धोंडूबाई उंबऱ्यात थांबल्या. माझ्याकडे बघून, आवाज न काढता, अगदी सफाईने ओठ हलवले: "चवथा न्हाय, तिसरा हाय." आणि पदर सारखा करून गेल्या. दाजी, त्यांचं माहेर भिवंडीचं आणि लग्नाआधी पाच वर्षं त्या एका कारखान्यात मागाच्या कांड्यांवर सूत भरायला होत्या, हे तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत. (आक्काला माहीत होतं, असं आता शेजारच्या हौसाकडून कळतंय.) तेव्हापासून मी कुणाच्याही चहात पाणी घालू देत नाही. पण आता काय उपयोग? तुम्ही जा, पाया पडा, माझ्या वतीने पडा. मुलगी गुणाची आहे, बाप मूर्ख आहे, असं सरळ सांगा.

आपला,
पंढरीनाथ

ता. क. हे पत्र पेटीत टाकायला मंदाकडे दिलं, तर तिने वाचलं आणि हसत सुटली. त्या दिवशी म्हणे ती आणि धोंडूबाई आमच्यासमोर बसून अर्धा तास ओठांनी बोलत होत्या! आम्ही दोघं लाडू मोजत होतो. धोंडूबाईंनी विचारलं, शांततेत झोप लागेल का तुला? ही म्हणाली, नाही लागणार. त्या म्हणाल्या, मलाही तीन महिने लागली नव्हती, ये तू, दोघी जाग्या राहू. होकार तेव्हाच झालाय. निरोप मुद्दाम उशिरा येणार आहे, "तुझ्या बापाला जरा घोर लागू दे" म्हणून. इतके दिवस सांगितलं का नाहीस विचारलं, तर म्हणते, तुम्ही मला विचारलंत कुठे? तेव्हा पाया पडायची गरज नाही.

आणखी एक. हे मी पाकिटाला डिंक लावताना एकटा लिहितोय, आक्काला वाचून दाखवू नका. दाजी, गेल्या दिवाळीपासून मला माग बंद असतानाही ऐकू येत नाही. कारखान्यात कुणाला पत्ता नाही, तिथे कुणालाच काही ऐकू येत नसतं. फक्त मंदाला कळलंय. ती समोर येऊन, तोंडावर उजेड घेऊन, सावकाश ओठ हलवते, घरात कोण काय बोललं ते सगळं मला सांगते; चांगदेवराव माझ्या कानाशी काय ओरडले तेही तिनेच मागाहून सांगितलं. ती गेल्यावर मला कोण सांगणार? म्हणून धोंडूबाईंना एवढंच विचारा, की मुहूर्त वैशाखातला न धरता मार्गशीर्षातला धरला तर चालेल का. मोडू नका, फक्त थोडं लांबवा. त्यांनी का म्हणून विचारलं तर खरं कारण सांगा, त्यांना कळेल. कौसल्येला मात्र कळू देऊ नका. मी मुद्दाम ऐकत नाही असं समजून ती रोज माझ्याशी भांडते, आणि भांडताना तेवढं तोंड माझ्याकडे करते.