न उघडणारं व्हायोलिन

प्रिय दादा,

काल फोनवर मी "होतंय" म्हणाले, ते खोटं होतं. तुझं व्हायोलिन आता दुरुस्त व्हायचं नाही.

मी घडवलेलं ते पहिलंच. वरची फळी चिकटवताना, मला हे काम शिकवणाऱ्या मास्तरांनी बजावलं होतं, "सरस पातळच लाव. आज ना उद्या व्हायोलिन उघडावं लागतंच." मला राग आला. माझ्या भावाचं कशाला उघडावं लागेल? मास्तर जेवायला गेले तशी मी शेजारच्या सुताराकडून खुर्च्या जोडायचा पक्का डिंक आणला आणि सढळ हाताने लावला. मास्तरांना आजवर सांगितलं नाही.

आता आतली पट्टी सुटलीय, म्हणून ते घरघरतं. पट्टी बसवणं एका दिवसाचं काम, पण आधी फळी निघायला हवी. आठवडाभर पातळ सुरी घालून बघतेय. डिंक हलत नाही, लाकूडच चिरतं. परवा फळी मधोमध तडकली.

तुझी बोटं आखडतायत, हे वहिनीने सांगितलं. डॉक्टरांच्या मते जेमतेम सहा महिने साथ देतील. नवीन घडवायला मला वर्ष लागतं.

तुझ्या व्हायोलिननंतर मी एकोणतीस व्हायोलिनं केली, सगळी परक्यांची, सगळ्यांना पातळ सरस. त्यातलं कुठलंही आण, एका दुपारात उघडून देते.

संध्याकाळी तुझा फोन येईल. मी "होतंय" म्हणेन, आणि तू रोजच्यासारखा म्हणशील, "सावकाश कर, छोटे. मला काही घाई नाही."

तुझी,
छोटी