एका शालीतला बँड

सौ. सविताताई यांस,

सिंगापुरातल्या बुकित पंजांगच्या नवव्या मजल्यावरून सुलेखाचा वाकून नमस्कार. ‘ताई’ लिहून बराच वेळ थांबले, कारण पुढे काय लिहावं ते कळेना. आपल्याकडे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यालासुद्धा स्वतंत्र शब्द आहे (आणि स्वतंत्र रुसवा), पण जिच्या मुलाबरोबर आपली मुलगी कॅनडात बँड काढते त्या बाईला काय म्हणायचं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. असो. तुमचा गुडघा कसा आहे? भाऊसाहेब गोडावर हात आवरतात ना? आम्ही ठीक. फक्त तो फोटो पोचल्यापासून तुमचा रविवारचा फोन येत नाही, आणि मी मात्र पोळ्या लाटताना मोबाइल पोळपाटाशेजारी ठेवते. संजीवच्या मते तुम्ही कामात असाल (नवऱ्यांना असंच वाटतं). माझ्या मते तुम्ही रागावलात. आपणहून फोन करावा तर मला रडू येतं, म्हणून पत्र.

फोटोत जे दिसतंय ते तसं नाही. तुमचा राजस आणि आमची ऋता एका शालीत बसलेत, दोघांच्या हातात एक नारळ आहे, ऋताच्या कपाळाला कुंकू आहे आणि मागे समई आहे (विजेवरची), हे सगळं खरं. पण लग्न झालेलं नाही, ठरलेलं नाही आणि दोघांच्या मनातही नाही. उलट ती दोघं आमच्याकडे उतरली तेव्हा एकमेकांशी बोलतसुद्धा नव्हती.

बँडचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, पण तो राजसने सांगितलेला. ऋताचा वेगळा आहे. हॅलिफॅक्सला शिकत असताना वसतिगृहाच्या कपडे धुण्याच्या खोलीत यंत्र बंद पडलं, हिने बादलीवर ठेका धरला आणि तो गिटार घेऊन आला. (राजसच्या इतिहासात गिटार आधी येते, बादली मागाहून.) नाव ठेवलं ‘विंटर टायर्स’. मी ऑफिसात कितीतरी दिवस सांगत होते की मुलगी ऑटोमोबाइलमध्ये आहे. पहिला अल्बम कुणाच्या तरी तळघरात झाला, दुसरा बर्फात रुतलेल्या व्हॅनमध्ये. त्यात मागे जो माणूस ओरडतो तो व्हॅन ओढायला आलेला खराखुरा ट्रकवाला आहे, आणि तिकडच्या समीक्षकांना नेमका तोच आवडला. पुढे दोघांना ‘साइड प्रोजेक्ट’ सुचले. आपल्याकडे भाऊ चूल वेगळी मांडतात ते बोलणं बंद झालं म्हणून. यांच्यात सवतासुभा मांडायचा आणि जेवायला पुन्हा एकत्र यायचं अशी रीत आहे. ऋताच्या ‘पोर्च लाइट’मध्ये ती एकटीच. राजसच्या ‘अंकल मून्स’मध्ये ड्रम वाजवायला तिघं आणि गायला कुणी नाही. इथवर ठीक होतं. पण विंटर टायर्ससाठी दोघांनी मिळून बांधलेली एक चाल राजसने त्या तिघांना परस्पर देऊन टाकली, आणि ठिणगी पडली.

सिंगापूरचा कार्यक्रम आधीच ठरलेला, म्हणून आले. हा शेवटचा, असं ऋताने मला लिफ्टमध्येच सांगितलं. घरात मी निरोप्या झाले. ‘आई, त्याला सांग आमटी सरकव.’ ‘काकू, तिला सांगा आमटी संपली.’ मी मनाशी ठरवलं, हे जुळवायचंच. (बँड, ताई. मी बँडबद्दलच म्हणतेय.)

इथल्या मराठी मंडळींच्या ‘रविवार कट्ट्या’चे अध्यक्ष अभयराव यांना गाठलं आणि इमारतीखालच्या व्हॉइड डेकवर मुलांचं गाणं ठेवलं. ही तळमजल्यावरची मोकळी जागा. इथे लोकांची लग्नंही होतात आणि शेवटचे निरोपही, तेव्हा बँडचं जे काही व्हायचं ते होऊ दे, म्हटलं. मात्र अभयरावांचा एक नेम आहे: गाण्याआधी सत्कार, आणि सत्कार सपत्नीक. पाहुणा बँकर असो की बासरीवाला, शेजारी बायको हवी, दोघांवर एक शाल, हातात एक नारळ. समोर मुलगा दिसला, मुलगी दिसली. त्यांनी पुढची चौकशी केली नाही. ऋता ‘अंकल, वी आर नॉट...’ म्हणेपर्यंत कुंकू लागलं होतं. मग भाषण. सुरुवात इंडी रॉकने झाली आणि गाडी संगीत नाटकांवर गेली ती परत येईना. उकाडा असा की शालीत इडल्या वाफवाव्यात. नारळ दोघांनी धरलेला. एकाने सोडला तर दुसऱ्याच्या पायावर. तेवढ्यात राजस काहीतरी पुटपुटला आणि ऋता फिसकन हसली. मग तोही. सगळी शाल हलायला लागली. नेमका तेव्हाच संजीवने फोटो काढला आणि खाली एक अक्षर न लिहिता तुम्हाला पाठवला.

मग ती दोघं जे वाजवत सुटली! शेजारच्या ब्लॉकमधल्या मिसेस लिम तक्रार करायला खाली आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, ‘सो लाउड लाह! बट युअर डॉटर सो हॅपी.’ माझे डोळे भरून आले. वरती गेल्यावर दोघांनी एकमेकांना आमटी वाढली आणि मला समोर बसवून सांगितलं की भांडण मिटलं, बँड मात्र बंद. आता दोघांनाही आपापलंच करायचंय. मी रडले. दोघांनी मिळून माझी समजूत काढली. विंटर टायर्सने मिळून केलेलं ते शेवटचं काम.

ताई, आपला फोन सुरू झाला तो व्हॅन कुठे रुतली हे एकमेकींना विचारायला. मग गुडघा आला, सासूबाई आल्या, सगळंच आलं. इथे ऑफिसची माणसं आहेत, कट्ट्याची आहेत, पण मला मुलीची भीती वाटते असं मोठ्याने म्हणता येतं ते तुमच्याजवळच. बँड नाही तर मी तुमची कोण, एवढंच सारखं मनात येतं.

भाऊसाहेबांना नमस्कार.

तुमची (जी कोण असेन ती),
सुलेखा

ता. क. फोटो कुणाला दाखवला असेल तर फॅन्सी ड्रेस होता म्हणून सांगा.

ता. क. २ पाकीट बंद करणार तोच हॅलिफॅक्सहून राजसचा फोन आला. तुम्ही रागावलेल्या नाहीतच म्हणे! फोटो पाहिल्याबरोबर तुम्ही सगळ्या सोसायटीत पेढे वाटलेत, आणि आता मला तोंड कसं दाखवावं म्हणून गप्प आहात. लाजू नका हो. मी पुण्याच्या बहिणीला कार्यालय बघायला सांगून मोकळी झाले होते. या रविवारी न चुकता फोन करा. आणि पेढे उरले असतील तर भाऊसाहेबांपासून लपवून ठेवा, मी डिसेंबरात येतेय. त्यात मुलीकडच्यांचा वाटा असतो.